मुंदाका बघायला जा, सर्फिंग साराउत्सला करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे एक गृहस्थ, चाळिशीच्या अलीकडचे, गेले काही हिवाळे गोव्यात मांद्रे-आश्वेला सर्फिंग शिकताहेत. आठ फुटी फोमच्या बोर्डवर न फुटलेली लाट पकडता येते, थोडंफार वळता येतं, पण दर वेळी जमेलच असं नाही. व्हिडिओ बघून स्पेनच्या उत्तरेला, बास्क किनाऱ्यावरच्या मुंदाका गावाच्या लाटेच्या प्रेमात पडलेत. सप्टेंबरच्या सुमारास दहा दिवस हाताशी आहेत. पत्नी बरोबर असतील. त्या पाण्यात उतरणार नाहीत आणि शाकाहारी आहेत. कुठे राहावं, कोणत्या तारखा धराव्यात, बोर्ड इथून न्यावा का, वेटसूट लागतो का, व्हिसाचं कसं करायचं, असं सगळं त्यांनी एका दमात विचारलंय.

मी गोव्यात सर्फिंग शिकवतो, आणि पावसात आमचा किनारा बंद झाला की छोटे गट घेऊन बास्क किनाऱ्यावर जातो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. पण मुंदाकाचं आधीच सांगून टाकतो: तिथे राहायला जाऊ नका.

मुंदाकाची लाट ही नदीच्या मुखाशी साचलेल्या वाळूच्या दांड्यावर फुटते. ओका नदीची खाडी, म्हणजे उर्दाइबाई, १९८४ पासून युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र आहे. या खाडीतून बाहेर येणारी वाळू मुखाशी तिरकी पसरते आणि त्या तिरक्या दांड्यावर वायव्येची मोठी लाट आली की ती डावीकडे उलगडत जाते. चांगल्या दिवशी ती आतून नळीसारखी पोकळ होते, वेग प्रचंड असतो, आणि एकदा उभं राहिलं की तीनशे मीटरच्या आसपास पळता येतं. जगातल्या उत्तम डाव्या लाटांमध्ये तिचं नाव घेतात ते खोटं नाही. पण त्यासाठी काय काय जुळून यावं लागतं ते बघा. लाट मोठी हवी, वारा दक्षिणेचा हवा, ओहोटी ते अर्धी भरती एवढाच वेळ हवा, आणि वाळू जागेवर हवी. २००३ मध्ये खाडीत गाळ उपसला गेला, वाळूचा दांडा बिघडला आणि २००५ची जागतिक स्पर्धा लाटच नीट येईना म्हणून रद्द करावी लागली. पुढे वाळू परत बसली, लाट परतली. एवढ्या नाजूक हिशोबावर उभी असलेली लाट तुमच्या दहा दिवसांत फुटेल याची खात्री कोण देणार? सप्टेंबरात तर नाहीच. तिचा खरा हंगाम ऑक्टोबरनंतरचा.

आणि समजा फुटलीच. तर ज्या जागी ती फुटते ती जागा जेमतेम एका खोलीएवढी असते आणि तिथे वर्षानुवर्षं तीच लाट धरणारी गावची मंडळी बसलेली असतात. मुंदाकाच्या चिमुकल्या बंदरातून उडी मारली की ओहोटीचा प्रवाह तुम्हाला फुकटात बाहेर नेऊन सोडतो. परत येताना तोच प्रवाह अंगावर असतो. आठ फुटी फोम बोर्ड घेऊन तिथे शिरणारा माणूस स्वतःला तर त्रास देतोच, इतरांच्याही वाटेत येतो.

म्हणून मुंदाका हा एका दिवसाचा कार्यक्रम ठेवा. चर्चशेजारच्या कठड्यावर उभं राहिलं की अख्खी लाट पायाखाली दिसते. मी शिकाऊ गटाला तिथे मुद्दाम तासभर नुसतं बघायला उभं करतो: कोण कुठे बसतो, लाट आल्यावर कोण वळतो, कोण थांबतो. पाण्यात उतरून जे आठवड्यात कळत नाही ते तिथून कळतं. जाताना वाटेत गेर्निका लागतं. २६ एप्रिल १९३७ला बाँबफेकीत उद्ध्वस्त झालेलं हेच ते गाव. बास्क लोकांची सभा ज्याच्या सावलीत भरायची त्या ओक वृक्षाचा वारस अजून तिथे आहे. तुमच्या पत्नीलाही हा दिवस आवडेल.

राहायला साराउत्स. नकाशावर ते झेडने सुरू होतं, गावकरी म्हणतात मात्र ‘स’. सान सेबास्तियानच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटर, गिपुस्कोआ प्रांतात. पुळण सुमारे अडीच किलोमीटर लांब, तळ वाळूचा, खडक फक्त दोन टोकांना. इतक्या लांबीत एक जागा बंद पडली तरी दुसरी चालू असते, गर्दी पांगते, आणि तुमच्या आवाक्यातली लाट शोधायला निदान पाच-सहा पर्याय मिळतात. किनारा उत्तरेकडे, जरासा वायव्येकडे तोंड करून असल्याने अटलांटिकमधून येणारं बहुतेक सगळं थेट पोचतं. उन्हाळ्यात बाकीचे किनारे झोपलेले असताना इथे काहीतरी हलत असतं. आरित्स अरानबुरू, जागतिक सर्फिंग टूरमध्ये पोचलेला पहिला स्पॅनिश सर्फर, याच गावचा.

गावात राहण्याचा मुद्दा मी फार आग्रहाने मांडतो. गट नेहमी विचारतो की सान सेबास्तियानला राहून रोज येऊन-जाऊन करू का, तिथे खाण्यापिण्याची मजा आहे. आहेच. पण बास्क किनाऱ्यावर चांगले दोन तास कधी येतील ते भरती आणि वारा ठरवतात. सकाळी साडेआठला चांगलं असेल आणि साडेदहाला संपलेलं असेल. खोलीतून चालत पाच मिनिटांत पाणी दिसलं पाहिजे. पैसे वाचवायचे असतील तर पूर्वेकडच्या तालाइमेंदी टेकडीवर कॅम्पिंगची मोठी जागा आहे, तिथून खाली पुळणीवर वाट उतरते. मात्र बोर्ड घेऊन परत चढताना दम लागतो.

आता तारखा. इथे तुमच्या घरातलं कालनिर्णय उपयोगी पडणार आहे, आणि हे मी चेष्टेत म्हणत नाही.

बास्क किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. उधाणाला पाण्याच्या पातळीत साडेचार मीटरपर्यंत फरक पडतो. भांगाला, म्हणजे भरती सगळ्यात लहान असते त्या दिवसांत, तो दीडेक मीटरवर येतो. गोव्यात तुम्ही ज्याची सवय केलीय तो फरक उधाणालाही दोन-सव्वादोन मीटरच्या पुढे फारसा जात नाही. साडेचार मीटर म्हणजे काय हे साराउत्सच्या पश्चिम टोकाला उभं राहिलं की कळतं. दुपारी बाराला समोर शंभर-दीडशे मीटर ओली वाळू, पोरं फुटबॉल खेळताहेत. सहा तासांनी तीच जागा नाहीशी, लाट थेट फरसबंदीखालच्या भिंतीवर आदळून उलटी परत जाते आणि येणाऱ्या लाटेला धडकते. त्या वेळी तिथे शिकाऊ माणसाने असू नये.

स्पेन-फ्रान्समध्ये भरतीची ताकद एका अंकाने सांगतात. २० ते १२० असा गुणांक असतो. सर्फच्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या भरती-पुस्तिकेत रोजच्या वेळांशेजारी तो छापलेला असतो. ५०च्या खाली म्हणजे भांग, ९०च्या वर म्हणजे उधाण. सप्टेंबरची अखेर विषुवदिनाजवळची, त्यामुळे मार्चसारखीच वर्षातली मोठी उधाणं तेव्हा येतात. गुणांक शंभरच्या पुढे जातो. तुमच्या पातळीला भांगाचे दिवस उत्तम. दिवसभर पातळी फारशी हलत नाही, प्रवाह मवाळ असतो, सकाळी जिथे लाट चांगली फुटत होती तिथेच ती दुपारीही साधारण तशीच फुटते. एकच जागा तीन-चार दिवस ओळखीची होते, आणि शिकणाऱ्याला ओळखीची जागा मिळणं हे अर्धं काम.

आपल्या कोळ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण, अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी भांग. चंद्र तिथेही तोच आहे. तेव्हा गणपती आटोपून निघणार असाल तर अनंत चतुर्दशीला लगेच विमानात बसू नका, कारण पाठोपाठ पौर्णिमेचं उधाण आहे. पितृपक्षातली पंचमी ते त्रयोदशी धरा. मधोमध नवमी-दशमीचा भांग येतो आणि सर्वपित्रीच्या उधाणाआधी तुम्ही घरी परतलेले असता. पितृपक्षात प्रवासाला निघतोय हे घरच्या वडीलधाऱ्यांच्या गळी उतरवणं मात्र तुमचं तुम्ही बघा.

पितृपक्ष कधी सप्टेंबरच्या सुरुवातीला येतो, कधी ऑक्टोबरात घुसतो. दोन्ही चालेल. ऑगस्टमध्ये पाणी सगळ्यात उबदार, २१-२२ अंशांपर्यंत, पण लाटा बेभरवशाच्या, खोल्यांचे भाव चढलेले आणि पुळणीवर पाय ठेवायला जागा नाही. सप्टेंबरात पाणी अजून २० अंशांच्या आसपास असतं, उत्तर अटलांटिकमधली वादळं हळूहळू जागी होत असतात आणि स्पॅनिश कुटुंबं घरी परतलेली असतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर लाटा तुमच्या हाताबाहेर जाऊ लागतात. दोन गोष्टी मात्र लक्षात घेऊन खोली ठरवा. ९ सप्टेंबरला साराउत्समध्ये बास्क उत्सव असतो, सगळं गाव पारंपरिक कपड्यांत रस्त्यावर येतं. बघण्यासारखा आहे, पण खोली आधी घ्यावी लागते. आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात सान सेबास्तियानला चित्रपट महोत्सव असतो, तेव्हा आसपासचे भाव अचानक उडी मारतात.

अंदाज वाचायचा कसा, हे नीट समजून घ्या, कारण गोव्यात नुसती उंची बघून चालतं आणि इथे चालत नाही. अंदाजात उंचीशेजारी सेकंदांचा आकडा असतो, तो म्हणजे दोन लाटांमधला काळ. एक मीटर, सात सेकंद ही जवळच्या वाऱ्याने उठवलेली लाट; खोल पाण्यात तिची लांबी पाऊणशे मीटरच्या आसपास भरते. एक मीटर, चौदा सेकंद ही दूरच्या वादळातून आलेली. लांबी तीनशे मीटर. उंची तीच, पण ताकद दुप्पट, आणि वाळूवर आल्यावर ती जास्त उंच उभी राहते. शिवाय बास्क किनाऱ्यासमोरचा समुद्राचा उथळ पट्टा अरुंद आहे, खोल पाणी किनाऱ्याच्या बऱ्याच जवळ येतं, म्हणून लाट वाटेत फारशी दमत नाही. अंदाजात १.२ मीटर आणि १३ सेकंद दिसलं की गोव्यातला मनुष्य ‘कमरेएवढी’ समजून आत जातो आणि डोक्यावरून पाणी जाऊ लागलं की गडबडतो. तुमच्यासाठी ढोबळ मर्यादा सांगतो: ०.७ ते १.२ मीटर, ८ ते ११ सेकंद. त्याच्या वर गेलं की शाळेतल्या प्रशिक्षकाबरोबरच उतरा, किंवा फेसाळ पाण्यात सराव करा, किंवा बसून बघा.

चौदा सेकंदांची लाट समुद्रातून ताशी चाळीसेक किलोमीटरने पुढे सरकते. दीड हजार किलोमीटरवरचं वादळ दीड दिवसाने तुमच्या दारात येतं. म्हणून तीन-चार दिवसांपुढच्या अंदाजावर बेत बांधू नये. विमानात बसण्याआधी दोन आठवडे रोज अंदाज चाळत बसणाऱ्यांना मी सांगतो, तेवढा वेळ पोहा.

वाऱ्याचं गणित सोपं आहे. दक्षिणेचा वारा जमिनीवरून येतो, लाटेचं तोंड नितळ ठेवतो. सकाळी तो बहुधा हलका असतो. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की पाणी विस्कटतं. सकाळ गाठायची तर गोव्यासारखं साडेपाचला उठायची गरज नाही. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे आहे, सप्टेंबरच्या मध्यावर तिथे पावणेआठच्या सुमारास सूर्य उगवतो. भांगाच्या दिवसांत भरती दुपारच्या आसपास येते, म्हणजे साडेआठ ते अकरा हा वेळ अर्ध्या भरतीपासून वर जाणारा, वारा मंद, गर्दी कमी. संध्याकाळी सहानंतर शाळा-ऑफिसं सुटून अख्खं गाव पाण्यात येतं, तेव्हा तुम्ही पाण्याबाहेर असलेलं बरं.

याच वाऱ्याचा एक घातक चेहरा म्हणजे गालेर्ना. दक्षिणेच्या वाऱ्याने दिवसभर उकडत असतं, समुद्र शांत, आणि पश्चिमेच्या क्षितिजावर काळसर पट्टा दिसू लागतो. मग काही मिनिटांत वारा उलटतो, पश्चिम-वायव्येकडून भन्नाट सुटतो, पारा दहा अंशांनीसुद्धा घसरतो. १९१२च्या ऑगस्टमध्ये अशाच एका गालेर्नाने बर्मेओ आणि आसपासच्या बंदरांतले शंभराहून जास्त कोळी नेले. आता बास्क हवामान खातं, एउस्कलमेत, आधी इशारा देतं. इशारा असेल तर दुपारनंतर पाण्यात जाऊ नका. आत असताना पट्टा दिसला तर शेवटच्या लाटेची वाट बघत थांबू नका. गंमत अशी की लाट नितळ करणारा तोच दक्षिणेचा वारा बिल्बाओच्या विमानतळावर उतरताना विमानाला चांगलं हलवतो. उतरताना पोटात गोळा आला तर निदान लाटा चांगल्या असतील अशी आशा धरा.

बोर्ड इथून नेऊ नका. दोन विमानं बदलताना बोर्डाच्या पिशवीचं भाडं, तुटण्याची भीती, आणि तिथल्या लाटेला तुमचा बोर्ड योग्य असेलच असं नाही. साराउत्सच्या फरसबंदीवर सर्फ शाळा आहेत, पुकास हे त्यातलं जुनं नाव. सगळीकडे बोर्ड तासावर, दिवसावर, आठवड्यावर मिळतात. आठवड्याचं भाडं ठरवताना मधे बोर्ड बदलून देतात का ते विचारून घ्या, बहुतेक ठिकाणी देतात. पहिले दोन-तीन दिवस आठ फुटी फोमच. मग लाट साथ देत असेल तर साडेसात फुटी मिनी-मालिबू बोर्डवर या. इथली लाट गोव्यापेक्षा उभी फुटते. लांब बोर्डचं नाक सरळ खाली रोवलं जातं. म्हणून लाट पकडतानाच ज्या बाजूला जायचं तिकडे बोर्ड थोडा तिरका धरायला शिका. पहिल्या दिवसाची शिकवणी घ्याच, किती येतं याला महत्त्व नाही. त्या दिवशी वाळू कुठे साचलीय आणि ओढ कुठून बाहेर जाते हे प्रशिक्षक दाखवतो, आणि त्याचेच खरे पैसे.

वेटसूट लागतो. सप्टेंबरात ३/२, म्हणजे छातीला तीन मिलिमीटर आणि हातापायांना दोन. ऑक्टोबर सरत आला की ४/३. भाड्याने मिळतो. ज्यांनी आयुष्यभर लायक्रा आणि चड्डीवर सर्फिंग केलंय त्यांना पहिल्या दिवशी तो घालतानाच घाम फुटतो. झिप पाठीवर असते, हे आधी लक्षात ठेवा. पाय घालण्याआधी पावलावर प्लास्टिकची पिशवी चढवा, सूट सरसर वर येतो, मग पिशवी काढून दुसऱ्या पायाला. गुडघ्यापर्यंत आलेल्या सुटात हवा आणि चुण्या राहू देऊ नका. चिमटीत धरून थोडं थोडं वर घ्या, नखं लावू नका, फाटतो. काखेत आणि मांडीच्या सांध्यात घट्ट बसला पाहिजे. तिथे ढिला असेल तर प्रत्येक लाटेबरोबर गार पाणी आत शिरतं. मानेला मागे व्हॅसलिन लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कॉलरने सोललेली असते. आणि खांदे: रबराविरुद्ध हात मारत राहिल्याने वल्हवताना नेहमीपेक्षा लवकर भरून येतात. निघण्याआधी दोन महिने तलावात न थांबता एक किलोमीटर पोहता येईल इतकी तयारी करा. दम असेल तर बाकी सगळं शिकता येतं.

पाण्यात शिरताना. पश्चिमेकडे, म्हणजे गेतारियाच्या बाजूला, डोंगराच्या आडोशाने लाट सहसा लहान असते, शिकवण्या तिकडे आणि मधल्या भागात चालतात. पूर्वेला इन्युरित्साच्या वाळूच्या टेकड्यांकडे जाल तसं माणूस कमी, लाट मोठी, ओढ जास्त. उन्हाळी हंगामात पोहणाऱ्यांचे आणि सर्फ करणाऱ्यांचे पट्टे वेगळे आखलेले असतात. खुणेच्या पलीकडे बोर्ड नेला की शिट्टी वाजते. हिरवा झेंडा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे मनाई.

उतरण्याआधी वाळूवर बसून दहा मिनिटं बघा. लाटा गटाने येतात. मोठ्या तीन-चार, मग पाणी काही काळ शांत. दोन फुटणाऱ्या पट्ट्यांच्या मधे पाणी गढूळ, सपाट, किंचित खळबळणारं दिसलं तर ती ओढ. पोहणाऱ्याला ती धोका, तुम्हाला बाहेर जायचा रस्ता. पण परत येताना तिच्यातून येऊ नका, बाजूला सरका आणि लाटेबरोबर या. गोव्यात तुम्ही बहुतेक चालतच बाहेर जाता. इथे फेसाच्या चार-पाच रांगा पार कराव्या लागतात, आणि फोमचा बोर्ड पाण्याखाली दाबता येत नाही. लाट समोर आली की बोर्ड घट्ट धरून उलटे व्हा, ती वरून जाऊ द्या, सुलटे व्हा. बोर्ड सोडून बुडी मारायची सवय असेल तर ती घरीच ठेवून या. मागच्या माणसाच्या डोक्यात तुमचा आठ फुटी बोर्ड बसतो.

शिष्टाचार दोन-तीनच आहेत, पण कडक. लाटेच्या उंच टोकाला जो जवळ, लाट त्याची. तो उठलाय दिसलं की तुम्ही थांबायचं. बाहेर जाताना लाटेवरच्या माणसाच्या पुढून कापायचं नाही, त्याच्या मागच्या फेसात जायचं, मार बसला तरी. आणि चूक झाली तर हात वर करून कबूल करायची. ‘काइशो’ म्हणून नमस्कार आणि ‘एस्केरिक अस्को’ म्हणून आभार मानलेत तर साराउत्समध्ये चेहरे लगेच सैल होतात.

लाट खूप मोठी झाली तर? फ्रान्सच्या हद्दीतल्या आंदायला जा. तिथली लांब सपाट पुळण भूशिराच्या आड असल्याने सगळीकडे धुमाकूळ असताना तिथे माणसासारखी लाट मिळते. साराउत्सहून एउस्कोत्रेन या बास्क रेल्वेने सान सेबास्तियानच्या आमारा स्टेशनला, तिथून आंदायची गाडी. शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, सीमेवर एरवी तपासणी नसली तरी स्पेन-फ्रान्समधल्या पुलावर पोलीस कधीमधी कागद बघतात, पासपोर्ट बरोबर ठेवा. आणि लाट अजिबात नसेल तर बिआरित्स गाठा. १९५७ मध्ये पीटर व्हिएर्टेल या अमेरिकी पटकथाकाराने चित्रीकरणाच्या निमित्ताने तिथे बोर्ड आणला आणि फ्रान्समधल्या सर्फिंगची सुरुवात तिथून धरतात. कोट दे बास्क ही तिथली पुळण लांब बोर्डना फार छान, फक्त पूर्ण भरतीला ती उरतच नाही, वेळ बघून जा.

तुमच्या पत्नीसाठी: साराउत्सहून गेतारियापर्यंत समुद्राला लागून चार किलोमीटरचा पदपथ आहे, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला लाटा. गेतारिया म्हणजे १५२२ मध्ये पहिली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणाऱ्या हुआन सेबास्तियान एल्कानोचं गाव, आणि फॅशनच्या दुनियेतल्या बालेन्सियागाचंही. त्याचं संग्रहालय तिथेच आहे, अर्धा दिवस सहज जातो. पुढे सुमाइयाला समुद्राने कापलेले खडकांचे उभे थर आहेत, ते ओहोटीला बघावेत.

खाण्याबाबत शाकाहारी माणसाने सावध राहावं. पिंचो म्हणजे बारमध्ये मिळणारे छोटे खाद्यपदार्थ; त्यांच्या थाळ्यात ऑलिव्ह-मिरची दिसते, तिच्यात अँचोव्ही मासा ओवलेला असतो. सॅलडवर न विचारता टुना येतो, भाजीच्या सुपात हॅमचे तुकडे. अंडं चालत असेल तर तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, सगळीकडे मिळतं. गेर्निकाच्या छोट्या हिरव्या मिरच्या तळून मीठ भुरभुरून देतात, त्या दोन बशा मागवाव्यात. इदियासाबाल हे मेंढीच्या दुधाचं चीज (त्यात कोकराच्या पोटातलं विरजण असू शकतं, विचारून घ्या), अळंबी, टोमॅटो, पाव, आणि खोलीत छोटं स्वयंपाकघर असेल तर प्रश्नच मिटला. तुम्ही मासे खात असाल तर गेतारियाला निखाऱ्यावर भाजलेला तुर्बो मासा खा आणि वर उंचावरून पेल्यात ओतलेली चाकोली वाइन घ्या. जेवण दीडच्या आधी आणि रात्री साडेआठच्या आधी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. पाण्यातून भुकेने निघालेल्या माणसाला हे फार जड जातं, म्हणून पिशवीत केळी आणि दाण्याचे लाडू असू द्या.

प्रवास: मुंबईहून बिल्बाओला थेट विमान नाही, फ्रँकफर्ट, म्युनिक, पॅरिस, ॲम्स्टरडॅम किंवा इस्तंबूलला बदलून जाता येतं. बिल्बाओच्या विमानतळावरून सान सेबास्तियानला थेट बस आहे, तिथून एउस्कोत्रेनने पाऊण तासाच्या आत साराउत्स. पाट्यांवर सान सेबास्तियानऐवजी दोनोस्तिया दिसेल, गोंधळू नका. बिल्बाओ शहरातूनही ही मीटरगेज गाडी साराउत्समार्गे जाते, पण ती डोंगर-किनारा करत रमतगमत येते. मुंदाकाच्या दिवशी याच मार्गावर आमोरेबिएताला गाडी बदला, बर्मेओकडे जाणारी घ्या.

व्हिसा शेंगेनचा. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. साराउत्सला मुक्काम म्हणजे स्पेन, आणि मुंबईत स्पेनचे अर्ज बीएलएस ही कंपनी घेते. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान पंधरा दिवस आधी तो जायलाच हवा, पण भेटीच्या वेळा उन्हाळ्यात भराभर संपतात, म्हणून मे-जूनमध्येच हलवा. शुल्क प्रौढांना ९० युरो. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. तो घेताना बारीक अक्षरं वाचा, कारण बऱ्याच पॉलिसी सर्फिंगला साहसी खेळ मानून वगळतात. व्हिसा अधिकाऱ्याला ती पॉलिसी चालते, पण बोर्डाखालच्या फिनने, म्हणजे धारदार पात्याने, पोटरी फाटून टाके पडले तर बिल तुमच्याच खिशातून जातं. एजंटला तोंडी विचारू नका. ‘सर्फिंग समाविष्ट आहे’ असं ईमेलवर लेखी मागवा आणि थोडा जादा हप्ता पडला तरी भरा.

खोली रद्द करता येण्यासारखी घ्या, व्हिसा हातात पडेपर्यंत विमानाचं न परतणारं तिकीट काढू नका, आणि सर्फ शाळेला तारखा कळवताना वजन, उंची आणि किती मीटर पोहता येतं हे खरंखरं लिहा. त्यावरून ते सूट आणि बोर्ड काढून ठेवतात.